पश्चिमेचा प्रकाश आणि लेन्स हूड: मिठबावच्या किनाऱ्यावरून पाहिलेला एक इतिहास

छायाचित्रणाच्या साधनांचा इतिहास बहुधा कॅमेरा, भिंग आणि फिल्म यांच्या शोधांभोवती लिहिला जातो, आणि भिंगापुढे बसवायच्या लेन्स हूडला त्यात फारसे स्थान मिळत नाही. लेन्स हूड म्हणजे आतून काळे केलेले एक कडे किंवा नळकांडे. चित्राच्या चौकटीत ज्याला जागा नाही असा बाजूचा प्रकाश भिंगाच्या काचेवर पडू न देणे, एवढेच त्याचे काम असते. मात्र ज्या प्रदेशाचा समुद्र पश्चिमेला आहे आणि जिथले लोक दिवसभराचा उन्हाचा ताप ओसरल्यावर, म्हणजे सूर्य समुद्राकडे कलल्यावर, किनाऱ्यावर येतात, त्या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा इतिहास या साधनाला वगळून पूर्ण होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील, मालवणच्या सीमेजवळचे मिठबाव हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण समुद्राला लागून असलेल्या कड्यावरचे गजबादेवीचे मंदिर, शेजारची तांबळडेगची लांब पुळण आणि पुळणीवरून ओढली जाणारी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ही तिथली चित्रात घेण्याजोगी दृश्ये संध्याकाळी थेट सूर्यासमोर येतात.

या अडचणीचे मूळ भूगोलात आहे. मिठबाव सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तिथे डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला मावळतो, मार्च आणि सप्टेंबरात तो जवळजवळ ठीक पश्चिमेला असतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला सरकतो, जरी त्या महिन्यात पावसाळी ढगांमुळे तो क्वचितच दिसतो. याचा अर्थ असा की वर्षाच्या कोणत्याही ऋतूत, दुपार कलल्यानंतर समुद्र चित्रात घ्यायचा ठरवले, तर सूर्य बहुधा चौकटीच्या आत किंवा चौकटीच्या जरासा बाहेर असतो. सूर्य चौकटीच्या आत असेल तर हूडचा उपयोग जवळजवळ संपतो. तो चौकटीच्या जरासा बाहेर असेल तेव्हाच हूडची खरी परीक्षा असते, आणि कोकणच्या किनाऱ्यावर अशी स्थिती नित्याचीच आहे.

छायाचित्रणाची कला पश्चिम भारतात आली तेव्हा ही परीक्षा टाळण्याकडेच व्यावसायिकांचा कल होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील अशा संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला, आणि मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटणाऱ्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक असलेले हरिचंद चिंतामण या वर्गातूनच पुढे आले. गोव्यातील पेडणे परिसरातून मुंबईत आलेल्या लाड कुटुंबातील डॉ. नारायण दाजी, म्हणजे डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू, हेही या पहिल्या पिढीतले नाव होय. त्यांच्या काळात ओल्या कोलोडियनची पद्धत रूढ होत होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत काचेवर रासायनिक लेप देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते प्रकट करावे लागे. हा लेप मुख्यतः निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील असल्यामुळे आकाश आणि समुद्र काचेवर फार लवकर उमटत, जमिनीचा तांबूस जांभा आणि माणसांचे सावळे चेहरे मात्र मागे राहत. निळ्या आकाशाचा जादा प्रकाश कॅमेऱ्यात शिरू न देणे हे त्या काळी आजच्यापेक्षाही अधिक निकडीचे होते.

या निकडीची जाणीव भिंगे बनवणाऱ्यांना फार लवकर झालेली होती. व्हिएन्नाचे गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये रचलेले आणि फोइग्टलेंडर कंपनीने बनवलेले व्यक्तिचित्रांचे भिंग हे एकोणिसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी भिंग ठरले, आणि त्याच्या पितळी नळीला पुढच्या बाजूने काचेच्या पलीकडे जाणारे कडे असे. हे कडे काचेचे रक्षण करी, झाकण बसवायला आधार देई आणि बाजूच्या प्रकाशाला अटकावही करी. म्हणजे हूड हे भिंगाचे नंतर सुचलेले उपांग नसून भिंगाच्या घडणीतच त्याचा जन्म झालेला आहे. मोकळ्या जागेत काम करणारे छायाचित्रकार याशिवाय पितळी झाकण, डोक्यावरची टोपी किंवा काचपट्टीच्या पेटीची सरकती फळी हातात धरून भिंगावर सावली करीत. शहरातल्या स्टुडिओंनी वेगळा मार्ग काढला: काचेच्या छपरातून उत्तरेचा मवाळ प्रकाश आत घ्यायचा, नको तिथे तो पडद्यांनी अडवायचा आणि पाठीमागे निसर्गदृश्याचा रंगवलेला पडदा लावायचा. उन्हाच्या दिशेचा प्रश्नच त्यामुळे दाराबाहेर राहत असे.

बाजूच्या प्रकाशाने नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी काचेचा एक साधा गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. नेहमीच्या काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश आत न जाता परावर्तित होतो. भिंगात अनेक काचा असतील तर हा परतलेला प्रकाश पुढच्या काचेवरून पुन्हा उलटतो, नळीच्या आतल्या भिंतींवर आपटतो आणि अखेर चित्राच्या पृष्ठभागावर पसरतो. त्यातून दोन दोष निर्माण होतात: एक म्हणजे सबंध चित्रावर पसरणारा धुरकटपणा, ज्यामुळे काळे भाग राखाडी होतात आणि रंग फिके पडतात, दुसरा म्हणजे ओळीने उमटणारे उजळ ठिपके किंवा बहुकोनी डाग. व्यवसायात या दोहोंनाही फ्लेअर म्हणतात. त्यांपैकी डाग लगेच नजरेत भरतात, पण अधिक नुकसान धुरकटपणा करतो, कारण तो दिसून येत नाही; चित्र नुसतेच निस्तेज वाटते आणि दोष कॅमेऱ्याला किंवा हवेला दिला जातो.

पृष्ठभागांची संख्या हा या हिशेबातला कळीचा घटक होय. १८६६ साली इंग्लंडमध्ये डॉलमायर यांनी आणि जर्मनीत श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे आणलेल्या भिंगांत दोन-दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्यामुळे हवेशी संबंध येणारे पृष्ठभाग चारच होते. निसर्गदृश्ये आणि वास्तू टिपणाऱ्यांनी ही भिंगे उचलून धरली त्याची मुख्य कारणे रेषा सरळ उमटणे आणि चौकट कडेपर्यंत स्पष्ट येणे ही असली, तरी उजळ आणि स्वच्छ चित्र हाही त्यांचा मोठा गुण होता. १९०२ मध्ये त्साइस कंपनीत पाउल रुडॉल्फ यांनी रचलेल्या टेसार भिंगात असे सहा पृष्ठभाग आले, आणि परावर्तन घटवणारा लेप नसलेल्या काचांचा हिशेब केला तर त्यातून सुमारे ७८ टक्केच प्रकाश सरळ पार होतो. वीस पृष्ठभाग असलेले आजचे झूम भिंग लेपाविना बनवले, तर निम्म्याहून कमी, सुमारे ४४ टक्के, प्रकाश पार होईल आणि उरलेल्यातला बराचसा चित्र बिघडवण्याच्या कामी लागेल.

तेजस्वी वस्तू अडवली की मंद वस्तू दिसू लागते, हे तत्त्व देवगड तालुक्याच्या इतिहासात एका मोठ्या प्रसंगाशी जोडलेले आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गच्या परिसरातून पूर्वेकडे विजापूर आणि गुंटूरकडे गेला. विजयदुर्गच्या किल्ल्यातील साहेबाचे कट्टे या ग्रहणाच्या निरीक्षणाशी आणि हेलियमच्या शोधाशी स्थानिक परंपरेने जोडले जातात. त्या परंपरेत ज्यांचे नाव घेतले जाते ते नॉर्मन लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी ग्रहणकाळात सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला, आणि तेथेच जेम्स टेनंट यांच्या पथकाने ग्रहणाची छायाचित्रे घेतली. चंद्राने सूर्यबिंब झाकल्यामुळे या ज्वाळा दिसल्या, आणि पाठोपाठ जान्सेन व लॉकियर या दोघांनीही दाखवून दिले की योग्य उपकरणाने नको असलेला प्रकाश वेगळा काढला, तर त्या ग्रहणाविनाही पाहता येतात. दुर्बिणीच्या तोंडावर पुढे वाढवलेली नळी आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरचा हूड ही दोन्ही याच विचाराची अगदी साधी रूपे आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांच्या हाती पेटी कॅमेरे आले, आणि त्यांच्यासोबत एक नियम घरोघर पोचला: सूर्य पाठीशी ठेवावा. एका साध्या काचेच्या, हूड नसलेल्या कॅमेऱ्यासाठी हा नियम शहाणपणाचा होता, आणि बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा मध्यमवर्गीय मराठी घरांतही रुळला तेव्हा तोच नियम पुढच्या पिढ्यांनी गिरवला. परंतु पश्चिम किनाऱ्यावर या नियमाचा परिणाम विलक्षण झाला. संध्याकाळी सूर्य पाठीशी घेतला की समुद्रही पाठीशीच जातो, आणि चित्रात उरतात माडांच्या रांगा, जांभ्याची टेकाडे आणि उन्हाने डोळे बारीक केलेली माणसे. समुद्र मागे घेऊन काढलेले चित्र हवे असेल तर सकाळी, सूर्य पूर्वेच्या डोंगरांवर असताना ते काढणे भाग होते. म्हणजे दर्यावर जगणाऱ्या गावांची चित्रे त्यांच्या दर्याशिवाय निघण्यामागे, आवडीनिवडीच्या जोडीने, साधनाची ही मर्यादाही काम करीत होती.

प्रकाशाला सामोरे जाण्याचे धाडस दोन दिशांनी आले. पहिली दिशा चित्रपटाची होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रामुख्याने सूर्यप्रकाशात चित्रित केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी बनावटीचा कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. चित्रपटाच्या कॅमेऱ्यापुढे कापडी किंवा चामडी भात्याची चौकोनी पेटी बसवण्याची पद्धत जगभर रूढ झाली, जिला मॅट बॉक्स म्हणतात. भाता पुढेमागे करून तिची लांबी प्रत्येक भिंगाला जुळवता येते, आणि तोंड चित्रचौकटीसारखेच चौकोनी असल्यामुळे सावली अगदी चौकटीच्या कडेपर्यंत नेता येते. हूडचे सर्वांत परिपूर्ण रूप आजही हेच मानावे लागते. दुसरी दिशा चित्रसदृश छायाचित्रणाची, म्हणजे छायाचित्राला रंगचित्राची प्रतिष्ठा देऊ पाहणाऱ्या कलाप्रवाहाची होती. १९३७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांच्या भोवतालच्या या प्रवाहाला धूळ, धुके, वाळत टाकलेली जाळी आणि पाण्यावरची चमक समोरून येणाऱ्या प्रकाशातच टिपायची होती. अशा चित्रकर्त्यांना हूडवाचून गत्यंतर नव्हते.

याच सुमारास काचेवरच्या लेपाने परिस्थिती पालटली. इंग्लंडमधील डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात असे आढळले होते की जुनाट, किंचित डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा जास्त प्रकाश पार करतात. पुढे १९३५ मध्ये त्साइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून परावर्तन घटवण्याची पद्धत सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धानंतर असा लेप सर्वसामान्य झाला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी एकावर एक अनेक लेप देण्याची पद्धत बाजारातल्या भिंगांत आली. लेपामुळे प्रत्येक पृष्ठभागावरचे परावर्तन ४ टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आत आले, तरी हूडची गरज संपली नाही. नळीच्या भिंतींवरून उलटणारा प्रकाश लेपाने थांबत नाही. पुढच्या काचेवर साचलेला समुद्राचा खारा थर किंवा कोकणच्या दमट हवेत भिंगाला लागणारी बुरशी प्रकाश विखुरते, तेव्हाही लेप निरुपयोगी ठरतो. लेप आत आलेल्या प्रकाशाला वळण लावतो आणि हूड नको असलेला प्रकाश आत येऊच देत नाही, ही दोन वेगळी कामे आहेत.

हूडच्या निवडीचे शास्त्र यानंतरच्या काळात पक्के झाले आणि त्याचा पाया भूमितीचा आहे. पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या चौकटीवर २८ मिलिमीटर भिंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ७५ अंशांचे दृश्य घेते, ५० मिलिमीटर भिंग सुमारे ४७ अंशांचे, तर १३५ मिलिमीटर भिंग अवघे १८ अंशांचे. पुढच्या काचेचा व्यास ५० मिलिमीटर आणि हूडची लांबी ४० मिलिमीटर धरली, तर कोपरे काळे पडू नयेत म्हणून हूडचे तोंड पहिल्या भिंगासाठी सुमारे ११२, दुसऱ्यासाठी ८५ आणि तिसऱ्यासाठी ६३ मिलिमीटर रुंद असावे लागते. यावरून दोन गोष्टी उघड होतात: रुंद दृश्याच्या भिंगाला खोल हूड लावणे व्यवहारात अशक्य असते, म्हणून तो उथळ आणि पसरट असतो, आणि तो पसरट हूड लांब पल्ल्याच्या भिंगावर बसत असला तरी तिथे त्याची सावली अपुरी पडते. चित्र न कापता जितका खोल बसेल तितका हूड उत्तम, हे सूत्र या साऱ्या हिशेबाचे सार आहे. लहान संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर तेच ५० मिलिमीटर भिंग अरुंद दृश्य घेते, त्यामुळे वरच्या मापांतील तोंड सुमारे ७३ मिलिमीटरपर्यंत आवळता येते, म्हणजेच अधिक खोल हूड चालतो.

पाकळ्यांच्या आकाराचा हूड याच भूमितीतून जन्मला आहे. चित्राची चौकट आयताकृती असल्याने दृश्याचा पसारा कोपऱ्यांकडे सर्वाधिक आणि वरखाली सर्वांत कमी असतो; गोल नळी कोपऱ्यांपाशी खोल कापली आणि वरखाली लांब ठेवली की पाकळ्या तयार होतात. मात्र असा हूड ठरलेल्या स्थितीतच बसला पाहिजे, आणि फोकस करताना ज्या भिंगाचा पुढचा भाग फिरतो त्यावर तो चालत नाही, कारण पाकळ्या फिरून कोपऱ्यांत काळ्या सावल्या पडतात. तिथे गोल हूडच हवा. बसवण्याच्या पद्धतींनाही इतिहास आहे: लायकाच्या जुन्या एल्मार भिंगावर हूड वरून सरकवून आवळत, लग्नसमारंभांत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या रोलायकॉर्ड आणि याशिकामॅटसारख्या दुभिंगी कॅमेऱ्यांवर तो पिळून अडकवत, आणि निकॉनने तर आटे असलेल्या, रबरी व पिळाच्या हूडना वेगवेगळी संकेताक्षरे दिली. दुसऱ्या भिंगाचा हूड केवळ व्यास जुळतो म्हणून घेणे ही निवडीतली नेहमीची चूक होय. व्यास फक्त बसण्याचा प्रश्न सोडवतो, सावलीचा प्रश्न दृश्यकोनानेच सुटतो.

झूम भिंगाचा हूड ही नेहमी तडजोड असते. लहान संवेदकासाठीचे १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग एका टोकाला सुमारे ७६ अंश आणि दुसऱ्या टोकाला २९ अंशांच्या आत पाहते, आणि हूड मात्र रुंद टोकालाच जुळवून घडवावा लागतो. त्यामुळे दूरचे दृश्य जवळ घेताना त्याच्या जोडीला तळहाताची सावली धरणे शहाणपणाचे असते. नवा हूड पारखण्याची रीत सोपी आहे: भिंग सर्वांत रुंद टोकाला आणि अनंतावर फोकस ठेवून, छिद्र एकदा पूर्ण उघडे आणि एकदा लहान करून, एकसारख्या आकाशाचे चित्र घ्यावे आणि कोपरे तपासावेत. हूडची आतली बाजू चमकत नाही ना, हेही पाहावे, कारण चकचकीत प्लास्टिक प्रकाश अडवण्याऐवजी आत वळवते. आत बारीक खाचा किंवा मखमली अस्तर असलेला हूड म्हणूनच श्रेष्ठ ठरतो.

मिठबावसारख्या किनाऱ्यावर हे सारे नियम ऋतूप्रमाणे कामाला येतात. डिसेंबरात गजबादेवीच्या कड्यावरून दक्षिणेकडची पुळण टिपताना मावळतीचा सूर्य चौकटीच्या उजव्या कडेबाहेर असतो आणि खोल हूड तिथे सर्वाधिक उपयोगी पडतो. मेच्या आरंभी भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा वरून आकाश आणि खालून उजळ वाळू असा दुहेरी मारा होतो, आणि पाकळीच्या हूडच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पाकळ्या कामी येतात. वाऱ्याने उडणारी वाळू आणि खारे तुषार यांपासून पुढच्या काचेचे रक्षण हा वेगळा लाभ आहे. मोठा हूड वाऱ्यात कॅमेरा हलवतो, कॅमेऱ्यातील फ्लॅशच्या प्रकाशात आपली सावली चित्रात पाडतो आणि ध्रुवीकरणाचे फिल्टर फिरवणे अवघड करतो, हे त्याचे तोटेही जाणकाराने ध्यानात ठेवावेत.

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली; या किनाऱ्याची जितकी चित्रे आज निघतात तितकी पूर्वी कधी निघाली नसतील. त्यांतील बहुतेक चित्रे ज्या मोबाइलने घेतली जातात त्याला हूड नसतो, आणि यंत्राने केलेली दुरुस्ती धुरकट चित्राला नुसता उठाव देते, हरवलेला तपशील परत आणत नाही. म्हणून कॅमेरा कोणताही असो, पश्चिमेकडे तोंड करून चित्र घेणाऱ्याने बटण दाबण्यापूर्वी आपल्या भिंगाच्या काचेवर ऊन पडले आहे का, एवढे पाहावे. पडले असेल तर हूडने, टोपीने किंवा हाताने ते अडवावे. पेट्झवालच्या पितळी कड्यापासून आजच्या पाकळीदार हूडपर्यंतच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षांत या एका नियमाला पर्याय निघालेला नाही.